एक जोडी टिचबटणं

प्रिय ठमे,

या दोन हातांनी काय काय केलं ते एकदा लिहूनच काढतो. तुझा पाळणा, त्यात एकही खिळा नाही, नुसते सांधे. तुझ्या आईच्या शिलाई मशिनचं टेबल. महाविद्यालयांना शिकवायला शिसवी कान, सागवानी डोळा, झडपा उघडमिट करणारं हृदय. कुणापाशी शिकलो नाही; बघितलं, मोडलं, पुन्हा केलं. आणि शेवटची ती मेंदूतली पेशी, जिच्यावरून तू हल्ली दर फोनला माझ्या मागे लागतेस. "बाबा, विकून टाका हो. छप्पर गळतंय, पाठ धरलीय, कशाला कवटाळून बसलाय?"

सांगतो, पण माझ्या क्रमाने. घासायच्या आधी पॉलिश माझ्याकडे चालत नाही, ठाऊक आहे तुला.

तुझ्या आईला साखर निघाली त्या वर्षीची गोष्ट. जेवून हात धुतला की तिला पुन्हा भूक. तुझी आत्या सगळ्यांसमोर म्हणायची, "वहिनीच्या पोटाला बूडच नाही!" आईसुद्धा हसायची. मग आत जाऊन डबा उघडायची आणि झाकण इतकं हळू लावायची, की आवाज होऊ नये. मला तो न झालेला आवाज बाहेर रंध्यावर ऐकू यायचा.

मग तू सुट्टीत आलीस, कॉलेजातलं नवं नवं डोक्यात घेऊन. माझीच पेन्सिल घेऊन माझ्याच चांगल्या फळीवर रेघोट्या मारल्यास. मेंदूत खोलवर काही पेशी 'भूक, भूक' ओरडतात, काही 'पुरे' म्हणतात. प्रत्येकीच्या पोटात बारीक भट्ट्या, मायटोकॉन्ड्रिया, आणि त्या एका जागी गप्प बसत नाहीत. खाण्याप्रमाणे एकमेकींना जुळतात, सुटतात. उंदरांमध्ये दिसलंय, तू म्हणालीस, की 'पुरे'वाल्या पेशीतलं हे जुळणं बिघडलं तर रक्तात साखर वाढल्याचं तिला धड उमगत नाही आणि इन्सुलिनही कमी सुटतं. माणसांचं अजून पक्कं ठाऊक नाही, हेही सांगितलंस; खरेपणा माझा घेतलायस. आणि मग, "आई, तू हावरट नाहीस गं. तुझ्या आत निरोपच पोचत नसेल." आईने मशिनचं पायडल थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, मला दाखवाल का ती, करून?"

तू परत गेलीस आणि आम्ही दोघं कामाला लागलो. हातभर लांब पेशी, अर्धी कापलेली, फांद्यांसकट एका लाकडातून काढली. आतल्या भट्ट्या आईच्या: लाल कापडाच्या, कापूस भरलेल्या, टोकांना टिचबटणं. दाबलं की जुळतात, ओढलं की सुटतात. तिच्या बोटांची टोकं तोवर बधिर झाली होती, सुई टोचलेलीही कळायची नाही. म्हणून प्रत्येक जोडी कानाशी धरून दाबायची. 'टिच' झालं की मान हलवायची, पुढची घ्यायची.

शेवटची जोडी वाजेना. बघतो तर दोन्हीकडे खळग्याचीच बाजू शिवलेली! जन्मात जुळणार नाही. मी कात्री उचलली. माझ्या कामात असली चूक म्हणजे डोळ्यात कुसळ. तिने मनगट धरलं. "राहू दे हो. माझ्याच डोक्यातली पेशी ना ही? मग एक जोडी न जुळणारी हवीच. आत्ता कुठे हुबेहूब झाली!" आणि इतकी हसली, की अंगुस्तान बोटातून निसटून भुशात गेलं. आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून ते शोधलं.

त्या दिवसापासून ती डब्याचं झाकण चांगलं आपटून लावायची. आत्यासमोरसुद्धा. शेवटपर्यंत.

परवा शैक्षणिक साधनं बनवणाऱ्या कंपनीचा माणूस पुन्हा आला. सज्जन आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. पेशी उलटसुलट करून बघितली, फांद्यांवरून हात फिरवला, "वा!" म्हणाला. मग सगळी बटणं एकेक करून दाबत गेला, आणि त्या जोडीपाशी थांबला. म्हणाला, बाकी जशीच्या तशी घेतो, एवढी एक जोडी तेवढी नीट करून द्या. ठमे, छपराला मी डांबर लावीन, पाठीला शेक देईन. त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. साडेचार लाख देत होता.

तुझाच हट्टी,
बाबा