मामांच्या डबीची बिजागरी

२ मार्च, सकाळ
आजपासून रोज सहाला उठायचं. आज उठायला दहा वाजले, पण निर्णय सहाचाच.

मामांच्या डबीचं काम अंगावर घेतलं. डबी सिगारेटची. पितळेची, वर निकेल. एका जुन्या कृष्णधवल सिनेमात खलनायक अंगठ्याने टकन उघडतो, तीच ही. क्लोज-अपमधला हात मामांचा. मामा तेव्हा शूटिंगचं सामान वाहायचे. नटाची बोटं जाडी, म्हणून यांचा हात घेतला. चेहरा नाही, नाव नाही, नुसता हात. मामी म्हणते, हात काय, खुर्चीलाही असतात. लग्नापासून म्हणतेय.

आता सिनेमाच्या संग्रहालयातून एक बाई डबी बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर डबी काचेत आणि खाली मामांचं नाव. अडचण एकच, बिजागरी तुटलीय, झाकण लोंबतंय. मामा बाहेर दुरुस्तीला देणार होते. म्हटलं, घरात माणूस असताना? मामांनी डबी उचलून छातीशी धरली. भारावले असावेत. मग म्हणाले, "फक्त बिजागरी. बाकी कशाला हात लावायचा नाही." संकोची स्वभाव. मला जास्त त्रास नको म्हणून.

३ मार्च
बिजागरी दुरुस्तीचा व्हिडिओ लावला. त्याच्याखाली घड्याळ दुरुस्तीचा. त्याच्याखाली एक माणूस जंगलात एकट्याने पोहायचा तलाव खणतो. तलाव पूर्ण झाला. थिअरी पक्की.

५ मार्च
सोल्डरची तार आणायला गेलो. वाटेत गिटारचं दुकान. गिटार शिकायची इच्छा जुनीच, दुकान दिसल्यापासूनची. तार राहिली. काही अडलं नाही, सुपरग्लू होता. झाकण आता मजबूत. उघडत नाही, पण मजबूत. माझं बोटही त्याला मजबूत चिकटलं. मामीने तेल लावून सोडवलं. म्हणाली, याच्या मामाचा हात सिनेमात गेला, याचा डबीत.

८ मार्च
डबी पातेल्यात उकळली. मामा स्वयंपाकघरात आले, पातेल्यात डोकावले आणि तसेच फिरायला निघून गेले. विश्वास असावा तर असा.

झाकण सुटलं. बिजागरीची पिन तेवढी मोडली. पिनेऐवजी खिळा घालायचं ठरवलं. खिळा जाड, म्हणून भोक मोठं केलं. भोक मोठं झालं, म्हणून खिळा सैल. म्हणजे शेवटी सोल्डरच. हेच खरं इंजिनिअरिंग. कॉलेजात टिकलो असतो तर कधीच शिकलो नसतो.

९ मार्च, दुपार
तार आणली. सोल्डर केलं. झाकण आता हलेल तर शपथ. निकेल जरासं जळून काळं पडलं, म्हणून पॉलिश. पॉलिश करताना डाव्या कोपऱ्यात एक पोचा सापडला, नखाच्या आकाराचा. इतकी वर्षं घरात कुणाचं लक्षच नाही! डबी बंद व्हायच्या आधी दिसता तर सोपं गेलं असतं. पुन्हा सोल्डर वितळवलं, चमच्याच्या पाठीने आतून हळूहळू ठोकून कोपरा सपाट केला, परत सोल्डर. बोट फिरवलं तरी कळणार नाही.

मामांनी दोनदा विचारलं, झालं का. दाखवली नाही. उद्या सगळ्यांसमोर सरप्राइज.

१० मार्च
बाई आल्या. मामा इस्त्रीच्या शर्टात, नखं कापून तयार. मी रुमाल बाजूला केला. डबी लख्ख. मामांचा चेहरा पांढरा पडला. डबीचा उजेड पडला असणार.

बाईंनी पिशवीतून त्या क्लोज-अपचा मोठा फोटो काढला, भिंग काढलं. म्हणाल्या, अशा डब्या तेव्हा दुकानोदुकानी मिळायच्या. सिनेमातली ओळखायची खूण एकच, डाव्या कोपऱ्यातला पोचा. मी ताबडतोब सांगितलं, होता, अगदी तिथेच होता, मीच काढला, तोही फुकट. बाई हसल्या. म्हणाल्या, "असं प्रत्येक घरात काहीतरी सांगतात."

मग बहुधा मामांचं मन राखायला म्हणाल्या, एकदा उघडून दाखवा ना, सिनेमातल्यासारखी. मामांनी अंगठा लावला. डबी ढिम्म. दुसरा अंगठा लावला. मग गुडघ्यांत धरली. मी धावत जाऊन स्क्रू-ड्रायव्हर आणला, तोवर बाईंनी चपला घातल्या होत्या. लोकांना धीर नाही.

१२ मार्च
जेवताना कुणी काही विचारलेलं नसताना मामा म्हणाले, "तो हात दुसऱ्या कुणाचा तरी असेल. मला आता नीट आठवत नाही."

मामी तुटून पडणार म्हणून मी सरसावून बसलो. तिने त्यांच्या पानात अजून थोडा भात वाढला आणि तिथेच बसून राहिली. इतक्या वर्षांचं भांडण मिटलं. श्रेय मला कुणी देणार नाही, ते सोडा.

संध्याकाळी माझी बॅग दाराशी भरून ठेवलेली दिसली. मामी किती करते माझं. मामांनी डबी आणून बॅगेवर ठेवली. म्हणाले, "घेऊन जा. आता ही तुझीच."

एवढा मान या घरात आजवर कुणाला मिळाला नसेल. व्हिजिटिंग कार्डं छापून घ्यायची, 'दुर्मिळ वस्तूंची दुरुस्ती'. कार्डं याच डबीत ठेवायची.

आधी ती उघडायला हवी.