कोणत्या काउंटीत झोपता?

४ मार्च, सोमवार
ज्युरीवर बसायचे समन्स आले. सत्तेचाळीस वर्षे मतदान करते आहे, आज कुठे यांना सुचले. एमिललाही आले आहे, त्याच दिवसाचे. त्याचे वय एकाहत्तर. सत्तरी ओलांडलेल्यांना मागितली तर सूट मिळते. मी त्याच्या वतीने अर्ज लिहायला घेतला, तर म्हणाला, “राहू दे हेलेन. जाऊन बसतो.” बसण्यात नवरा तरबेज आहेच.
संकल्प: ज्युरीची प्रमुख व्हायचे. दुसरे आहे कोण?

६ मार्च
कायदा वाचून काढला. नागरिक हवा, अठरा पूर्ण हवीत, इंग्रजी समजायला हवे, काउंटीचा रहिवासी हवा. चर्चमध्ये कोलाची, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, खाताना सगळ्या बायकांना समजावून सांगितले. ब्लांच बहिरेपणाचे सर्टिफिकेट आणणार आहे म्हणे, सुटका व्हावी म्हणून. कर्तव्याविषयी तिच्याशी वीस मिनिटे बोलले. “काही ऐकू आलं नाही गं,” म्हणाली.

११ मार्च
खटला धान्यचोरीचा असावा, पेपरात आले आहे. आरोपीचा फोटो पाहिला. चोरच. तरीही मन पूर्ण मोकळे ठेवले आहे.

१८ मार्च, दुपारी १
कोर्टातून परत. एकटीच.
शपथ झाल्यावर कारकून मुलगी एकेकाला विचारत होती, याच काउंटीत राहता ना? सगळे विचार न करता “हो, हो”. मी शपथेवर होते. खरे तेच सांगितले: “दिवसा.”
“म्हणजे रात्रपाळी असते का मॅडम?”
नीट समजावले. काउंटीची हद्द आमच्या घरातून जाते, थेट स्टोव्हखालून. पुढच्या खोल्या हॅकेट काउंटीत, मागची मार्श काउंटीत. एमिलच्या घोरण्यामुळे सात वर्षांपूर्वी मी माझा पलंग मागे नेला. स्वयंपाक हॅकेटमध्ये, झोप मार्शमध्ये.
मागे कुणीतरी हसले. जज म्हणाले, “मिसेस व्हॉन्द्रा, माणूस झोपतो तिथला रहिवासी. तुम्ही मत कुठे देता ते मी विचारत नाही. तुम्हीही सांगू नका.”
मी त्यांना कलम पुन्हा वाचायला सांगितले. त्यांनी वाचले. मोठ्याने.

दुपारी ३
मार्शला फोन केला. त्यांच्या यादीत मी नाही. पलंग पुढे ओढून आणला, कंबर धरली. हॅकेटला कळवले. तीच मुलगी. “यादी वर्षातून एकदाच होते मॅडम. पलंग हलू देऊ नका.” आगाऊ.

संध्याकाळी ६
एमिलला घेतले. त्याने म्हणे प्रत्येक प्रश्नाला नुसते “हो” किंवा “नाही” म्हटले. असली माणसे निवडतात.

२० मार्च
खटला चालू असेपर्यंत घरी त्याविषयी बोलायला बंदी आहे. शेहेचाळीस वर्षे हा माणूस असाच गप्प आहे, आता कायद्याने. मी चौकशी करणार नव्हते, फक्त मार्गदर्शन. जेवणाच्या डब्यात मुद्द्यांची चिठ्ठी ठेवली. न उघडता परत आणली. वर म्हणतो, “जजला दाखवावी लागेल, हेलेन.”

२२ मार्च, शुक्रवार
निकाल: निर्दोष. ज्युरीचा प्रमुख: एमिल. बाकीच्या अकरा जणांनी एकमताने निवडले. चूक कुठे झाली ते शोधायला हवे.
आता बोलायची मोकळीक आहे. जेवण झाल्यावर त्याला समोर बसवले, म्हटले, सगळे क्रमाने सांग. म्हणाला, “काय सांगू, फार बरं वाटलं. एकाचं बोलून होईपर्यंत दुसरं कुणी तोंड उघडत नव्हतं. मी चक्क दहा मिनिटं बोललो, हेलेन. सगळे ऐकत होते. आणि मग मी त्यांना—”
दमला आहे बिचारा. तिथेच थांबवले आणि झोपायला पाठवले.