प्लास्टिकमधली पदवी

८ जून २००४

माझ्या हातून सुनेची पदवी नासली. ते मी मुद्दाम केलं नाही, यावर घरात कोणाचा विश्वास नाही. सांगायला गेले की माझा आवाज चढतो आणि खरंही खोटं वाटायला लागतं. म्हणून लिहितेय.

निकिताला जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळालाय. अट एकच — पदवीच्या मूळ प्रमाणपत्राच्या मागे सरकारी शिक्का, आणि जुलैअखेर ते तिकडे पोचलं पाहिजे. आणि मी गेल्या आठवड्यात ते प्रमाणपत्र सीबीएस बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट करून आणलं! तिला न विचारता. "मावशी, ओरिजिनल आहे, करू ना?" तो विचारत होता. मी म्हटलं, "ओरिजिनल आहे म्हणूनच. जाड लाव."

आमच्या घरात सगळंच लॅमिनेट होतं. रेशनकार्ड, देवांचे फोटो, हर्षलची पत्रिका, माझी बी.ए.ची पदवी. जपायचं म्हणजे प्लास्टिकमध्ये घालायचं, एवढंच मला माहीत.

काल मुंबईच्या कचेरीत निकिताने ते खिडकीतून आत सरकवलं. आतल्या माणसाने नखाने टकटक केलं. "मॅडम, शिक्का काय प्लास्टिकवर मारू? शाई धरेल का?" आणि परत बाहेर सरकवलं.

घरी येऊन निकिताने ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. हर्षल — माझा मुलगा, तिचा नवरा — तिथेच होता. दोघं नुसते माझ्याकडे बघत होते. बघणारच. "शिकायचं होतं तर लग्न कशाला केलंस?" हे मार्चपासून मीच ऐकवत होते. पण मग एकदा ती पदवी हातात घेऊन वाचली. विशेष प्रावीण्यासह प्रथम श्रेणी. पुन्हा वाचली. म्हटलं, जाऊ दे पोरीला. मनातच म्हटलं. तोंडाने म्हणायचं सोडून लॅमिनेट करून आणलं — मूर्ख बाई!

९ जून

इस्त्रीने प्लास्टिक सुटतं, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. आधी माझ्या बी.ए.वर करून पाहिलं. १९६७ची. वर ओला रुमाल, इस्त्री मंद. कोपरा सुटला. ओढलं. प्लास्टिक आलं आणि त्याला चिकटून कुलगुरूंची सही आली, माझं अर्धं नाव आलं.

निकिता दारात उभी होती. "आई! ते तुमचं आहे!"

"मग तुझ्या पदवीवर करून बघायला हवं होतं का?"

किती तोडून बोलते मी! तिच्या पदवीला इस्त्री लावायची नाही, एवढं मात्र कळलं.

११ जून

पुण्याला जाऊन आलो. दोघीच, सकाळच्या एस.टी.ने. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं — तिचं तोंड खिडकीकडेच.

विद्यापीठात खिडकीवर एक बाई होत्या. "खराब झालेलं मूळ इथं जमा करा, अर्ज द्या. दुसरी प्रत रजिस्टर पोस्टाने घरी येईल."

"कधी?"

"दीड महिना धरा."

"अहो, हिचा प्रवेश जाईल!"

"इथं येणाऱ्या सगळ्यांचाच जात असतो, ताई."

अर्जात कारण लिहायचं होतं. निकिताने लिहिलं, 'चुकून.' मी पेन घेऊन पुढे लिहिलं — 'सासूने न विचारता लॅमिनेट केले.' आणि सही केली. त्या बाई वाचून हसत सुटल्या. "सुनेचे कागद फाडणाऱ्या सासवा बघितल्यात. जपून जपून नासवणारी पहिलीच!"

निकिता हसली नाही. नारायणगावला गाडी थांबली तेव्हा चहा मात्र तिने दोन सांगितले.

२० जून

रविवार. निकिता भाजीला गेली होती. हर्षल स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकला.

"आई, बरं केलंस."

"काय बरं केलं?"

"मला तिला नाही म्हणता येत नव्हतं गं. लोक म्हणाले असते, ओझरच्या कारखान्यात नोकरी करतो आणि बायको पुढे शिकते म्हणून जळतो. तू परस्पर मिटवलंस."

"मी मुद्दाम केलेलं नाही."

"हो हो, नाहीच केलंस!" — आणि डोळा मारला. माझ्या मुलाने मला डोळा मारला!

निकिता संशय घेते ते सोसवतं. हा आभार मानतो, ते नाही सोसवत.

२४ जून

भांडण. निकिता म्हणाली, प्रत हातात आली की दुसऱ्या दिवशी मुंबई. हर्षल म्हणाला, "येऊ तर दे." त्याच्या सुरावरूनच तिला कळलं. "तुला नकोच होतं ना मी जायला?" तो पेपर चाळायला लागला. मग ती माझ्याकडे वळली — "आणि तुम्हालाही."

बॅग उचलून सायखेड्याला माहेरी गेली. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवू?

२७ जून

गोरक्षराव आले होते, निकिताचे वडील. खुर्चीच्या कडेवर बसले.

"इहीणबाई, तुम्ही मुद्दाम केलं आसं मी म्हणत नाय. पण पोरगी जेवत नाय. द्राक्षाच्या हंगामात माणसं मिळंनात, तवा बी तिला मळ्यात बोलावलं नाय. आभ्यास हाय म्हणलं. आन आता परत मळ्यातच येऊन बसली."

मी चहा पुढे केला. म्हणाले, "साखर लय घातली नाय ना? गोड बोलून भागायचं नाय." दोघं हसलो.

५ जुलै

पोस्टमन न थांबता पुढे गेला.

८ जुलै

विद्यापीठात फोन केला. "पाठवलं जाईल." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सुपरवायझर होते. लाइन कधी लागेल विचारणाऱ्यांना मीही असंच म्हणायचे, याच आवाजात. आज पलीकडच्या टोकाला उभं राहिल्यावर कळलं, त्यानंतर माणसाला काहीच बोलता येत नाही.

१३ जुलै

जेवताना हर्षल म्हणाला, "पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा तूच असतेस घरी. आलं तर कपाटात टाक. महिना संपला की तिचं खूळ जाईल. येईल परत. कोणाला कळतंय?"

"आणि मी दिलं तर?"

"मग मी ओझरला क्वार्टर घेतो. राहा एकटी, सुनेचं कौतुक करत."

हे गेल्यापासून मला हा एकच. गुडघे कामातून गेलेत. जिना उतरताना कठडा सोडवत नाही. त्याचं म्हणणं क्षणभर पटलं. नाही — खोटं कशाला लिहू? क्षणभर नाही. ताट उचलून ठेवेपर्यंत पटलेलं होतं.

१६ जुलै

रोज दुपारी फाटकाशी उभी असते. पाकीट यावं म्हणून की येऊ नये म्हणून, मलाच सांगता येत नाही. आज देवापुढे हात जोडले आणि मागायला काही सुचेना. तशीच उठले.

१९ जुलै

दुपारी रजिस्टर आलं. सही करून घेतलं. हर्षलचं कपाट उघडून आवरलं, मग सायखेड्याची एस.टी. धरली.

निकिताला दिलं — विद्यापीठाचं पाकीट, न फोडलेलं, तिच्या वडिलांदेखत. उद्या मुंबईला मी बरोबर जातेय.

हर्षलला दिली — त्याची बॅग, कपड्यांनी भरलेली. संध्याकाळी, दारातच.