पिंपळझरीच्या निगेटिव्ह आणि यादव वाढईची तारीख

मी, रंगनाथ बाळाजी खिरटकर, वय ५७, पूर्वी अंबडच्या कारखान्यात टर्नर, आता घरीच, राहणार सिडको, नाशिक, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे, बिघाड फुफ्फुसात आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कुणी बळजबरी केलेली नाही. उलट "ऐन धनत्रयोदशीला हे काय अभद्र घेऊन बसलात?" असे माझी पत्नी स्नेहल दारातून दोनदा म्हणून गेली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करायला सवड मिळेल असे दिसत नाही.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतील सर्व शिल्लक स्नेहलची. मुलगा विश्वेश याने तिला "आई, फ्लॅट विकून आमच्याकडे पुण्याला ये" असे म्हणू नये. तिला पुणे आवडत नाही. ती तोंडावर बोलणार नाही, म्हणून मी लिहितो. तिच्यामागे फ्लॅट विश्वेशचा.

२. माझी मापाची हत्यारे, म्हणजे मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि डायल गेज, विश्वेशला मिळतील, पण ठेवण्यासाठी नाही. त्याला त्यातले काही कळत नाही. बापाची आठवण म्हणून कपाटात गंजवण्यापेक्षा लेथवर उभ्या असणाऱ्या माणसाला द्यावीत.

३. आता मुख्य गोष्ट. चंद्रपूरकडच्या पिंपळझरी कोलियरीच्या निगेटिव्ह, लोखंडी कपाटातील सर्व. मी त्याच कॉलनीत जन्मलो. वडील खाणीत कोळसा भरायचे. खाण बंद झाली, साहेब लोक गेले, लाईट गेली, आणि ज्यांना जायला जागा नव्हती ती माणसे तिथेच राहिली. मी नाशिकला आलो खरा, पण दर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन तिकडे जात राहिलो. फोटोग्राफी मला कुणी शिकवली नाही. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद लावून, फिल्म वाया घालवून शिकलो. माझ्या प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर माणसाचे पूर्ण नाव, जागा, तारीख आणि उजेड कसा होता ते लिहिलेले आहे. अपवाद एकच. तो कलम ६ मध्ये.

या निगेटिव्ह विश्वेशने सांभाळायच्या. कडा कापून छापायच्या नाहीत. नाव गाळून कुठे लावायच्या नाहीत. कॉलनीतल्या कुणीही स्वतःचा किंवा घरच्याचा फोटो मागितला तर फुकट द्यायचा.

४. कॉलेज रोडवरील स्टुडिओवाले शेखर यांच्याकडे या निगेटिव्ह कधीही छापायला देऊ नयेत. माझ्या पहिल्या प्रदर्शनाचे फोटो त्यांनी मी सांगितल्यापेक्षा गडद छापले. विचारले तर म्हणाले, "अहो खिरटकर, कोळशाची माणसं ना? काळी दिसू द्या की. लोकांना तेच बघायचंय." त्या फोटोत माझ्या सख्ख्या मावशीचे डोळे दिसत नाहीत. मावशी आता नाही. शेखर यांना मी क्षमा केलेली नाही, आणि मेल्यावर आपोआप केली असे कुणी धरू नये.

५. मुंबईचे एक गॅलरीवाले गृहस्थ मला वारंवार फोन करतात. त्यांना सगळे नको, "तो सायकलवाला" तेवढा हवा. त्यांना तो द्यायचा नाही. सायकलवाल्याला नाव आहे.

६. ते नाव यादव वाढई. कुसाबाईंचा एकुलता मुलगा, अनसूयेचा नवरा. खाण बंद पडल्यावर कॉलनीतली पोरे जुन्या तिरप्या वाटेने आत उतरून उरलेला कोळसा खणत आणि सायकलवर पोती लादून वीटभट्टीला विकत. चोरी म्हणायची तर म्हणा. दुसरे काम नव्हते. यादवची सायकल, खाणीचे तोंड आणि त्याचे मागे वळून हसणे, असा तो फोटो आहे. "काढा दादा, पण पोट आत घेतो, थांबा," असे तो म्हणाला होता. मग सायकल बाहेर टेकवून आत गेला.

तासाभराने आत छत बसले. मी कॉलनीत चहा पीत होतो, पायाखाली हादरा लागला. आम्ही धावलो. पुढे वाटच नव्हती. हाताने जेवढे उपसता आले तेवढे पोरांनी उपसले. पोलिसांत कुणी गेले नाही. गेले असते तर सगळ्यांवर चोरीची केस झाली असती आणि चूल विझली असती. पुढे मशीन आली आणि ते तोंड मातीने बुजवून गेली. आत कुणी आहे का, हे कुणी विचारले नाही, आणि आमच्यापैकी कुणी सांगितले नाही.

पिंपळझरीत अशा माणसाला "सुरतेला गेला" म्हणतात. यादव पहिला नव्हता. सगळी कॉलनी एका तोंडाने तेच म्हणते, आणि ज्याच्या घरचा गेला तोही म्हणतो.

मी निघालो तेव्हा कुसाबाईंनी माझा हात धरला. "फोटोवर तारीख नोको लिहू बाप्पा. तारीख लिहली का माह्या पोरगा मेला. तो सुरतेले हाय." मी म्हणालो, "काकू, मी जिवंत आहे तोवर लिहिणार नाही, बोलणार नाही." त्या तेव्हाच सत्तरीच्या होत्या, मी धडधाकट. आधी त्या जातील, असाच हिशोब माझ्या मनात होता. तो चुकला. त्या आहेत, मी निघालो.

अनसूयेने गेल्या दिवाळीत मला विचारले, "दादा, माह्या सासूसमोर नोको सांगा. पन मले सांगा. हे कुंकू मी कोनासाठी लावून राहिली? राशन कार्डावर त्याचं नाव, पोरीच्या शाळेत त्याची सही मागतेत. ना मी सवाशीण, ना विधवा." कुसाबाईंना शब्द दिला होता आणि तो पाळला. हा कागद वाचला जाईल तेव्हा मी नसेन, तिथे तो संपतो.

म्हणून पाकिटावर जे लिहायचे राहिले ते इथे लिहितो: यादव वाढई, पिंपळझरी कोलियरी, जुन्या खाणीचे तोंड, ३० ऑक्टोबर २०१९, बुधवार, सकाळी, ढगाळ उजेड. याच दिवशी, याच ठिकाणी तो आत गेला, छत बसले आणि तो परत आला नाही. त्याला आत जाताना आणि नंतर बुजलेली वाट मी स्वतः पाहिली. त्याच्याबरोबर कोण खणत होते ते मला आठवत नाही, आणि मृत माणसाला कुणी विचारू नये.

ही एक निगेटिव्ह, तिचे हक्क आणि या मृत्युपत्राची साक्षांकित प्रत अनसूया यादव वाढई हिला द्यावी. कोर्टात लावावी, जाळावी, नाहीतर पेटीत ठेवावी. विकायची झाली तरी तिनेच. तिला कुणी सल्ला देऊ नये.

७. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक विश्वेश. माझे दिवस झाल्यावर, इतर कुणालाही हा कागद दाखवण्याआधी, त्याने स्वतः पिंपळझरीला जावे. फोनवर सांगू नये. कॅमेरा नेऊ नये. कुसाबाईंच्या घरी भिंतीवर यादवचा दुसरा एक फोटो आहे, त्याला अजून हार नाही. विश्वेशने हार घेऊन जाऊ नये. ते त्या घरचे बघतील.

आधी कुसाबाईंपुढे खाली जमिनीवर बसावे आणि कलम ६ सावकाश वाचावे. तारीख गाळू नये. त्या म्हणतील, "खोटं हाय, सुरतेले हाय तो." वाद घालू नये. मला शिव्या देतील, त्या ऐकून घ्याव्यात. मग त्यांच्यासमोरच कागद अनसूयेच्या हातात द्यावा. चहा दिला तर प्यावा. नाही दिला तरी उठू नये. कुसाबाई स्वतः "जा आता" म्हणेपर्यंत तिथेच बसून राहावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. एक खोडाखोड आहे, कलम ४ मध्ये, तिच्याखाली आद्याक्षरे केली आहेत.

(सही) रंगनाथ बाळाजी खिरटकर

रंगनाथ खिरटकर यांनी आमच्या डोळ्यांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. या कागदातून आम्हा दोघांना काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १: (सही) अंजली देवरे, शिक्षिका, शेजारी, सिडको, नाशिक
साक्षीदार २: (सही) दीपक अहिरराव, कारखान्यातील जुने सहकारी, अंबड, नाशिक

ठिकाण: नाशिक
शनिवार, दि. १८ ऑक्टोबर २०२५