दोन पोरांच्या मधले पाणी

५ मार्च, गुरुवार
वस्तुस्थिती, क्रमाने. एक – १९ जानेवारीपासून आरोग्यधामाच्या उपचारतलावात क्लोरीनचा कणही टाकलेला नाही. पाणी माझ्या ओझोन-यंत्रातून शुद्ध होऊन परत येते. दोन – आज सकाळी सात वाजता क्लोरीनची चाचणी तेव्हापासून पहिल्यांदाच केली, तर त्याच पाण्यात ते आढळले. किंचित, पण निश्चित. तीन – नवी रसायने घेऊन चाचणी तीनदा केली. उत्तर तेच. चार – क्लोरीन आपोआप उगवत नाही!

निष्कर्ष : कोणीतरी टाकते आहे. आणि १६ तारखेला उद्‌घाटन : बिश्केकहून क्लोरीन न सोसणाऱ्या दमेकरी मुलांची पहिली तुकडी येते आहे.

६ मार्च
सापडले. पाणी तलावात शिरते त्या जाळीमागे नायलॉनचा मोजा, आत ब्लीचिंग पावडर, वर गाठ. टाचेवरचे रफू मी ओळखले. उमसुनाय आपा! आईची थोरली बहीण, आईमागे मला वाढवणारी, चौतीस वर्षे याच तलावावर राखणदार.

‘‘आपा, हे काय?’’
‘‘मोजा.’’
‘‘ते दिसतंय मला! आत काय आहे?’’
‘‘शिंगरा, यंत्र आलं त्या दिवसापासून आहे तो. तुझ्या पाण्याला वासच नाही गं. लोक बाहेर येऊन विचारतात, आज पाणी बदललं नाही वाटतं?’’
‘‘ओझोन क्लोरीनपेक्षा कितीतरी झपाट्यानं जंतू मारतो.’’
‘‘मारत असेल बापडा. पण पोरं पाण्यात मुतायची थांबली का, ते विचार त्याला!’’

स्वतःच्याच विनोदावर हसली आणि हसता हसता खोकू लागली. तो खोकला. चौतीस वर्षे तीच पावडर श्वासातून घेतल्याचा. मी ओझोन का आणला, हे आरोग्यधामाच्या समितीला मी बारा पाने लिहून सांगितले. त्या बारा पानांत या खोकल्याचा उल्लेख नाही. तिलाही कधी सांगितले नाही.

७ मार्च
मोजा काढून टाकला. नियमाप्रमाणे संचालक कुबानीच यांना कळवले. चौकशी होईपर्यंत आपाला तलावावर मनाई. किल्ल्या माझ्या हातात देताना म्हणाली, ‘‘तिसऱ्या पायरीवर शेवाळ धरतं, लक्ष ठेव.’’ एवढेच. रागावलीसुद्धा नाही! मी मात्र रागावलेलीच राहिले. शिस्त म्हणजे शिस्त.

८ मार्च
महिला दिन. टेबलावर मिमोसाची पिवळी फुले. तलावावर कोणी खोकत नाही.

११ मार्च
काराकोलच्या प्रयोगशाळेचा अहवाल. ९ तारखेचा नमुना, गावातल्या मुलांचा तास संपताच घेतलेला. विष्ठेतले जंतू मर्यादेच्या कितीतरी वर.

अशक्य. यंत्र उघडले, जोडले, तपासले. ओझोन पुरेपूर. निर्दोष! मग आधीचे सगळे नमुने स्वच्छ कसे?

त्या सगळ्या दिवसांत मोजा होता.

१२ मार्च
आपाच्या घरी गेले. चुलीपाशी बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. मी दारातच थबकले.
‘‘शिकलेली माणसं उंबऱ्यावरूनच बोलतात का? ये आत. आधी नान तोड. भांडायचं ते तोंडात घास असताना भांड.’’

नान तोडला. अहवाल वाचून दाखवला. तिला आनंद झाला असता तर बरे झाले असते. तिने फक्त विचारले, ‘‘पोरं आजारी नाहीत ना पडली?’’
‘‘नाही. तलाव बंद केलाय.’’
‘‘मग रडतेस कशाला?’’
‘‘रडत नाही. तुला कसं कळलं ते सांग.’’
‘‘कळायचंय काय त्यात! तुझं यंत्र त्याच्यापर्यंत आलेलं पाणी धुतं. झकास धुतं. पण दोन पोरांच्या मधलं पाणी तिथवर पोचेपर्यंत कोण धुणार?’’

विद्यापीठात सात वर्षे. हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही. ओझोन यंत्रातच काम करतो, तलावात शिल्लक राहत नाही. मुलांच्या अंगाभोवतीच्या पाण्यात काहीतरी टिकणारे हवे – अगदी थोडे, पंपाने मोजून सोडलेले, वासही येणार नाही इतके. पावडरीला तिने हात लावायचा नाही, हे बजावले. ‘‘बघू,’’ म्हणाली. तिचे ‘बघू’ मला ठाऊक आहे. मग सांगून टाकले, ओझोन कोणाच्या खोकल्यासाठी आणला ते. ती बराच वेळ कढईतले बोरसोक उलटत राहिली. दोन करपले.

‘‘मला वाटायचं, माझा खोकला तुला ऐकूच येत नाही,’’ म्हणाली.

संध्याकाळी संचालकांकडे. त्यांनी उत्तर तयारच ठेवले होते : ‘‘म्हातारीच्या मोज्यानं पाणी बिघडलं, असं लिहू. तिला घरी बसवू. उद्‌घाटन सोळालाच. तुमचं नाव स्वच्छ राहतं, जिपारा मॅडम.’’ वर हसून म्हणाले, ‘‘मावशी आहे, समजून घेईल.’’

समजून घेईल! तेच तर.

१३ मार्च, शुक्रवार
सकाळी दिलेल्या पत्राची नक्कल : ‘‘पाणी मोज्याने बिघडले नाही, मोज्याने ते राखले. ‘केवळ ओझोन पुरेसा’ हे विधान माझे होते, ते चुकीचे होते, आणि समितीपुढे मी ते मागे घेत आहे. क्लोरीनची मोजकी मात्रा सोडणारा पंप बसून नमुने स्वच्छ येईपर्यंत तलावात एकही मूल उतरणार नाही. मला ठेवावे की काढावे, हा आपला प्रश्न. उमसुनाय आपांवरील ठपका मागे घेऊन त्यांना कोणत्या तारखेपासून कामावर घेता, ते उद्या दुपारी बारापर्यंत लेखी कळवावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.’’