घरापासून रिकामी जागा

दि. ४ मार्च

चि. टिल्लूस,
अ.उ.आ.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे, कारण आधीच्या दोन्हींत पहिल्याच ओळीत तुला गाढव म्हटलं होतं. आता जरा शांत झाले आहे, मत मात्र बदललेलं नाही.

छोट्या परिषदांना पवनचक्क्यांची आखणी नीट करता यावी म्हणून आमचं कार्यालय नियमांचा नमुना पाठवतं आणि तुम्ही तो मंजूर करून परत धाडता. आज तुमचा ठराव आला. कलम सात वाचून मी इतकी हसले की शेजारची टंकलेखिका दचकली. 'पवनचक्कीचा मनोरा राहत्या घरापासून रिकामी जागा सोडून उभारावा.' अरे, तिथे नुसती रेघ होती आणि पुढे 'मीटर' होतं. त्या रेघेवर आकडा भरायचा होता. परिषदेचे चिटणीस तुम्ही, खाली सही तुमची, आणि एवढंही कळलं नाही?

मग सोबतचा नकाशा उलगडला आणि हसू जागच्या जागी विरलं. तिसऱ्या मनोऱ्याची खूण आत्याच्या मागच्या दारापासून नव्वद मीटरवर आहे. मी तीनदा पट्टी लावून पाहिली. आईच्या मागे जिने आपल्याला वाढवलं, तिच्या उशाशी तू चाळीस माणसांच्या उंचीचं यंत्र उभं करतो आहेस. उलट टपाली खुलासा कर.

तुझी,
ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

खुलासा मागितलास, तर ऐक. सभेत मी नमुना मोठ्याने वाचत होतो. रेघ आली तेव्हा शाळेत वाचायचो तसं 'रिकामी जागा' असं वाचलं. सभासदांत एक किराणा दुकानदार, एक कंपाउंडर आणि एक निवृत्त बसचालक. त्यांना वाटलं, घराभोवती मोकळी जागा सोडायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंना 'मीटर' शब्द चुकून पडलाय असं वाटलं, त्यांनी तो काढून वाक्य सरळ केलं. मी न वाचता सही केली. गाढव म्हण, हरकत नाही.

पण ताई, आकडा काय लिहायचा हे विचारायला मी तुमच्या कार्यालयात चार वेळा फोन केला होता. दर वेळी उत्तर एकच, आपल्या परिस्थितीनुसार ठरवा. आमची परिस्थिती अशी की पवनचक्की आम्ही फक्त चित्रात पाहिली आहे. तुमचा तज्ज्ञ येणार होता, तो काही उगवला नाही. पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर मात्र पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या शंका फुकट सोडवत होता. शिकवायचं म्हणून कोरा कागद धाडायचा आणि वर नापास म्हणायचं, ही कुठली मदत?

आता अध्यक्ष म्हणतात, ठराव झाला तो झाला. आत्याचं परसू म्हणजे रिकामी जागाच आहे, असं इंजिनिअर हसत हसत म्हणाला. तळपायाची आग मस्तकात गेली, पण नियमात त्याचं बरोबर होतं. वीस तारखेला परवान्यावर सही करायची आहे. आत्याला काही सांगितलेलं नाही. मला धीरच होत नाही.

राग आणि माया दोन्ही कळवत राहा.
टिल्लू

दि. १३ मार्च

चि. टिल्लूस,
अ.उ.आ.

तुझं पत्र झोंबलं, कारण ते खरं आहे. तुला म्हणून सांगते. माझ्या मसुद्यात आकडा होता, पाचशे मीटर. साहेबांनी लाल पेनाने खोडला. कंपन्यांची कुरकुर होती आणि साहेबांचं म्हणणं, निर्णय स्थानिकांनी घ्यावा. ती रेघ मीच टाइप केली.

पण हे मला लेखी देता येणार नाही. बढतीची यादी पुढच्या महिन्यात लागते आणि त्या खुर्चीसाठी मी बारा वर्षं घासली आहेत. तू समजून घे. मी दुसरा मार्ग सुचवते. आत्याला माझ्याकडे घेऊन येऊ. मागची खोली उजेडाची आहे, घर हळूहळू विकता येईल. तिलाही आता जिने चढवत नाहीत. तू बोलून बघ, पण गोडीगुलाबीने.

तुझी,
ताई

दि. १७ मार्च

चि. दोघांस,
अ.उ.आ.

आशीर्वाद सवयीने लिहिले. बाकीचं पत्र रागाने लिहिते आहे. टिल्लूला बोलता येईना, म्हणून त्याने ताईची दोन्ही पत्रं आणि स्वतःच्या उत्तराची नक्कल माझ्या पुढ्यात ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. ती मी चष्मा पुसून दोनदा वाचली.

माझं घर विकायचं, मला मागच्या खोलीत ठेवायचं, माझे जिने मोजायचे, हे सगळं तुम्ही ठरवलंत. मला एका शब्दाने विचारलंत का? मी काय कपाट आहे, उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायला?

वर हेही ऐका. त्या सभेत मी मागच्या बाकावर होते आणि पवनचक्क्यांना मी टाळ्या वाजवल्या होत्या. दवाखान्यातली वीज गेली की परिचारिका बाळंतिणीजवळ बॅटरी धरून उभी राहते. मला त्या चक्क्या हव्या आहेत. पण त्या कुठे उभ्या राहणार हे माणसांनी समजून उमजून ठरवायला हवं. इथे माहीत होतं ते गप्प बसले आणि माहीत नव्हतं त्यांनी हात वर केले. याचा मला संताप आहे.

टिल्लू, वीस तारखेला सही करायची नाही. नोकरी गेली तर माझ्या पेन्शनमध्ये दोघांचं जेवण होतं. आणि ताईबाई, आकडा काय होता आणि कोणी खोडला, ते कार्यालयाच्या कागदावर लिहून पाठव. नाही जमलं तर तसं कळव. मी रागावेन, पण घराचं दार तुला उघडंच असेल.

तुमची,
आत्या

दि. २१ मार्च

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

तुझं पत्र काल सभेच्या अर्धा तास आधी पोचलं. खालची सही आणि शिक्का पाहून मी पाणी प्यायलो, मग सभेत उभं राहून सांगितलं की परवान्यावर सही करणार नाही. अध्यक्षांनी निलंबनाची भाषा केली. मी तुझं पत्र वाचायला घेतलं. पाचशे हा आकडा आला तेव्हा बसचालक काकांनी परत वाचायला लावलं. मग ते म्हणाले, हा आकडा कुणाला तरी ठाऊक होता, तर आम्हाला का नाही सांगितला? इंजिनिअर फाईल चाळू लागला.

कलम दुरुस्त झालं, पाचशे मीटर, प्रत्येक राहत्या घरापासून. तिसरा मनोरा पलीकडच्या उतारावर जाईल. आत्या घरी जाऊन लगेच झोपली. मला मात्र चूक केल्याची लेखी ताकीद मिळाली आहे. ती मला मान्य आहे.

तुझं तिकडे काय झालं ते लपवू नकोस.
टिल्लू

दि. २ एप्रिल

चि. टिल्लूस,
अ.उ.आ.

यादी लागली, त्यात मी नाही. साहेबांनी माझी बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत केली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन रडले.

पण काम दुसऱ्याच्या हाती सोपवण्याआधी मी सगळे मंजूर ठराव बाहेर काढले. सदतीस परिषदांचे. त्यातल्या एकोणीस ठरावांत कलम सातमध्ये ती रेघ जशीच्या तशी आहे आणि खाली 'मंजूर' असा शिक्का आहे. हे सगळे कागद माझ्या टेबलावरून गेले होते. दर वेळी मी शिक्का बघितला, नोंद केली आणि फाईल बंद केली. तुझ्यावर ओरडले, कारण त्या नकाशात आत्याचं दार होतं. बाकीच्या एकोणीस नकाशांत माझं कोणी राहत नव्हतं, म्हणून मी पट्टीसुद्धा लावली नाही.

आज सात परिषदांना पत्रं लिहून झाली. बारा उरली आहेत. त्यातल्या तीन ठिकाणी पाया खणून झाला आहे.

तुझी,
ताई