दुसऱ्यांच्या चुकांची यादी

२ जून, सोमवार

नव्या ऑफिसचा पहिला दिवस. हजेरी नाही. आल्याची वेळ कुणी बघत नाही, गेल्याची तर नाहीच. विचारलं, सुट्टीचा अर्ज कुणाकडे द्यायचा? मालक म्हणाले, "अर्ज कशाला? येणार नसलीस तर फळ्यावर लिहून जा." हसणं इतकं प्रेमळ की आता डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात की काय असं वाटलं. मी नाव ठेवून टाकलं — महाराज.

जुन्या ऑफिसात दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो निघायचा. बाथरूमला सांगून जावं लागायचं. पण तिथे निदान शत्रू कोण ते ठाऊक होतं.

४ जून

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांसाठी — पेशंटला वेळ द्यायची, मोबाइलवर निरोप पाठवायचा. चालू सॉफ्टवेअरमध्ये इथे कुणीही हात घालू शकतं. परवानगी नाही, सही नाही. "आमचा विश्वास आहे," म्हणे. माझा नाही.

६ जून, शुक्रवार

शुक्रवारी चहाच्या वेळी प्रत्येकानं आठवड्यातली आपली एक चूक सांगायची म्हणे! शेजारचा दाढीवाला उभा राहिला, "मी तारखांचा घोळ केला." सगळे हसले, दुरुस्त कसं करायचं ते बोलले, संपलं. माझी पाळी आली. म्हटलं, "माझी काही चूक नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्याकडे वळले. त्याचाच राग आला.

९ जून

ऑफिसच्या मशीनवर नवं फोल्डर करून यादी सुरू केली. चार रकाने — तारीख, चूक, कोणाची, पुरावा. 'कोणाची'खाली मी ठेवलेली नावंच. रोज प्रत्येकाचं टिपणार. गेल्या वेळी दुसऱ्याची चूक माझ्या गळ्यात बांधली आणि दहा मिनिटांत मला बाहेर काढलं. हातात कागदाचा कपटा नव्हता. या वेळी खापर फोडायला आले की यादीच तोंडावर फेकीन.

ताई फोनवर म्हणाली, "तुला सुखाची नोकरी बोचते." हिचं काय जातं बोलायला!

१८ जून

तीस नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा दाढीवाल्याच्या. अकराव्या नोंदीपुढे लिहूनच टाकलं — माणूस आहे का भोपळा.

आज एक जुना फॉर्म दिसला. म्हाताऱ्या पेशंटला भिंग लावून वाचावा लागेल इतकी बारीक अक्षरं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बसून सगळा नीट केला. कशाला केला? कुणी विचारलंसुद्धा नाही.

२० जून, शुक्रवार

गंमतच आहे. मी यादीत जे टिपते नेमकं तेच हे लोक चहाला कबूल करतात. आज दाढीवाल्यानं तर माझ्याच क्रमानं सांगितलं. माझी नजर चांगलीच आहे म्हणायची.

१ जुलै, मंगळवार

आज जे झालं ते इथे लिहून ठेवते.

निरोप जातात का ते तपासत होते. नकली पेशंटांची यादी घ्यायची होती, खऱ्यांची घेतली. तीनशे बारा माणसांना निरोप गेला — "उद्याची तुमची वेळ रद्द झाली आहे." त्यात ऑपरेशनवालेही होते.

हे काम माझ्या आणि दाढीवाल्याच्या, दोन्ही मशीनवरून चालतं. मी गप्प बसले.

महाराज आले. "कुणी केलं?" विचारलंच नाही! "आधी फोन करूया," एवढंच. सगळे बसले, महाराजसुद्धा. मी एक्केचाळीस फोन केले. एक आजोबा म्हणाले, "बाई, तपासणीसाठी उद्या सकाळपासून उपाशी राहायचं होतं, आता जेवू की नको?" म्हटलं, "नका जेवू, या तुम्ही." पुढचा नंबर फिरवला.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांशी बोलणं झालं. दाढीवाला म्हणाला, "बहुतेक माझ्याच मशीनवरून गेलं असेल. शुक्रवारी बघू." मी मान हलवली. हलवली मी मान!

२ जुलै

कुणी ओरडत नाही. कुणी शोधत नाही. एकदा खडसावलं असतं तर मीही भांडले असते, मोकळी झाले असते. नोकरी जाणार ती जाणारच, पण हे असं गोड वागून छळणं कुठल्या शाळेत शिकवतात?

यादीत काही लिहिलं नाही.

३ जुलै

निघताना जिन्यात बडबडी भेटली, ती दवाखान्यांचे फोन घेते. म्हणते, "यादी दोन दिवस पुढे सरकली नाही गं? मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते."

कसली यादी?

"तुझीच की. त्यावरूनच तर आम्ही सगळं दुरुस्त करतो. 'भोपळा' वाचून दाढीवाला किती हसला माहितीये?"

इथे कुठल्याच फोल्डरला कुलूप नसतं. जुन्या ऑफिसात नवं फोल्डर इतरांना आपोआप बंद असायचं. इथेही तसंच असणार, असं मी धरूनच चालले. महिनाभर सगळे वाचतायत — भोपळा, महाराज, सगळं. आणि एकाही शहाण्यानं तोंड उघडलं नाही. लाज आणि संताप, दोन्ही एकदम.

यादी ऑफिसच्या मशीनवर आहे. उद्या सगळ्यांच्या आधी पोचते आणि पुसून टाकते.

४ जुलै, शुक्रवार

सातला पोचले. यादी उघडली. शेवटी एक नोंद होती, मी न लिहिलेली. तारीख — १ जुलै. चूक — तीनशे बारा जणांना चुकीचा निरोप. पुरावा — नको. 'कोणाची' हा रकाना तेवढा कोरा ठेवलेला.

पुसली नाही. माझं नाव लिहिलं आणि चहाची वाट बघत बसले.